ठमाई आणि पांढऱ्या खुरांचा खोंड

घाटाला अजून गाडीवाट नव्हती, मीठ डोक्यावरून वर यायचं आणि गुरं आपल्या पायांनी खाली जायची, त्या काळची ही गोष्ट आहे.

सह्याद्रीच्या अगदी काठावर तळखांब नावाचं गाव. तिथं पाऊस पडतो असं कुणी म्हणत नाही, पाऊस राहायला येतो असं म्हणतात. मृगात येतो आणि हस्तापर्यंत हलत नाही. भिंतींना बुरशी धरते, चूल नुसती धुमसते, आणि अंगणात तळहाताएवढी कोरडी जागा सापडत नाही. माणूस छपराखाली बसून ते दिवस काढतो. गुराला मात्र चिखलात उभं राहावं लागतं. ज्याला उभं राहता येत नाही ते बसतं, आणि तळखांबात पावसाळ्यात बसलेलं गुरू पुन्हा उठत नाही.

त्या गावात ठमाई नावाची बाई होऊन गेली. ती गुरांची पारखी होती. तिचा बाप पारखी होता, त्याला मुलगा नव्हता, म्हणून त्याचा हात तिच्याकडं आला. कळपात कोणतं गुरू ठेवायचं आणि कोणतं घाट उतरवून खाली धाडायचं, हे ती सांगायची. घाटाखाली पलटणीची छावणी होती. छावणीतले लोक गुरं घेत आणि त्या बदल्यात मीठ, लोखंड, कापड देत. गुरं कशाला नेतात ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्यावर कुणी बोलत नसे. ठेवलेल्या गुराला गाव ‘राखलं’ म्हणे आणि धाडलेल्याला ‘उतरवलं’ म्हणे.

ठमाईच्या हाताबद्दल पुष्कळ सांगतात. गुराच्या पाठीवर हात ठेवला की तिला त्याच्या तीन पिढ्या कळत. गाभण गाईच्या पोटाला हात लावून ती आतल्या वासराच्या खुराचा रंग सांगे. एकदा तिनं डोळे बांधून शंभर गुरं हातांनी तपासली आणि त्यातलं परगावचं एक गुरू कान धरून बाहेर काढलं, असं म्हणतात.

ती काय पाहायची, ते मात्र साधंच होतं. खूर काळा आणि टणक हवा. अंगठ्याचं नख त्यावर रुतता कामा नये. कातडी तेलकट हवी. हात फिरवला की हाताला चिकटलं पाहिजे, कारण तेच तेल पावसाचं पाणी आत जाऊ देत नाही. अंग आटोपशीर हवं. मोठं अंग भातखाचरात रुततं आणि पावसाळ्याच्या ओल्या चाऱ्यावर भरत नाही. दसऱ्यानंतर ती एकटी पठारावर जाई आणि गवत गुडघ्याला लावून पाही. गवत गुडघ्याच्या वर असेल तर गुरं इतकी, खाली असेल तर तितकी. वळू कळपात कधी सोडायचा तेही तीच सांगे, म्हणजे वासरं दिवाळीनंतर उघडिपीत जन्मत. जी गाय दोन वर्षं भाकड राही तिला तिसरं वर्ष मिळत नसे.

आणि खोंडांना खडक द्यायची चाल होती. गावाच्या वर एक मोठा कातळ आहे. पावसाळ्यात त्यावरून पाण्याचा पापुद्रा सतत वाहत असतो. वळू होण्याजोगे जे खोंड असतील ते तरणा पाऊस लागला की त्या कातळावर नेऊन दगडी गडग्यात कोंडत. तरणा आणि म्हातारा, ही दोन्ही पावसाची नक्षत्रं त्यांनी तिथं उघड्यावर उभ्यानं काढायची. म्हातारा सरला की सगळं गाव इरली डोक्यावर घेऊन वर जाई आणि ठमाई एकेका खोंडाला हात लावी. पसंत पडला तर ‘राखला’ म्हणे. नाही पडला तर काही बोलत नसे. शिंगाला धरून त्याचं तोंड घाटाकडं फिरवी.

अशा बाईवर गावाची माया कशी असणार? ती गल्लीतून निघाली की शेजारची कोंडाई मोठ्यानं ओरडायची, “अगं बायांनो, दारं लावा! ठमाई आली, कोंबडासुद्धा घाटाखाली जायचा.”

हैबती पाटील एकदा सगळ्यांसमोर म्हणाला, “ठमाई, तुझ्या सासूला खडक दिला असता तर काय केलं असतंस?”

“सासू राहिली असती,” ठमाई म्हणाली. “तिची टाच काळी होती. सासऱ्याचं विचारू नका.”

लोक हसले. ती हसली नाही. तिच्या मनात त्या वेळी कुणाचं तोंड फिरवायचं चाललं असेल, असं गाव म्हणे. कुणाची लाडकी कालवड असो, कुणाच्या लेकीसाठी वाढवलेली गाय असो, ठमाईचा हात थांबला नाही. त्यामुळंच तळखांबचा कळप त्या डोंगरात सगळ्यांत काटक होता. तो दिसायला बुटका होता, ठिपक्याठिपक्यांचा, बेढब. पण पावसाळा संपला की जेवढी गुरं चिखलात गेली तेवढी परत वर येत.

ठमाईला एकच मुलगा होता. त्याचं नाव गेनू. त्याच्या लहानपणी त्याचा बाप गेला. गेनू मोठा झाला, त्याचं लग्न झालं. सारजा नावाची हसरी मुलगी घरात आली. दुसऱ्या वर्षी सारजा बाळंतपणात गेली. मूल तिच्या आधी गेलं. दोघांना एकाच खड्ड्यात ठेवलं.

त्या दिवसापासून गेनू बोलेनासा झाला. हाक मारली तर मान वळवी. ताट पुढं ठेवलं तर जेवी, नाही ठेवलं तर मागत नसे. ठमाई रोज त्याच्यासमोर बसून काहीबाही बोलायची. आज अमकी गाय व्याली, आज तमक्याच्या गोठ्याचं छप्पर उडालं. तो ऐकायचा की नाही ते तिला कळत नसे. ज्या बाईला गाईच्या पोटातलं वासरू कळायचं, तिला समोर बसलेल्या पोराचं काही कळेनासं झालं.

दिवाळीनंतर गेनू कुणाला न सांगता घाट उतरून गेला. सातव्या दिवशी परत आला तेव्हा त्याच्या मागं एक खोंड होता. देशावरच्या कुठल्याशा जत्रेतून त्यानं तो आणला होता. शंखासारखा पांढरा, उंच, मान अशी की जणू त्याला कुणी वरून दोरीनं धरलंय. सगळं गाव दारात आलं. असं जनावर तळखांबात कुणी पाहिलं नव्हतं.

गेनूनं त्याच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाला, “हौश्या नाव आहे ह्याचं.” आणि हसला.

एका वर्षात तो पहिल्यांदा बोलला होता. ठमाई उंबऱ्यात उभी होती. तिनं आधी मुलाचं तोंड पाहिलं. मग तिची नजर सवयीनं खाली खोंडाच्या पायांकडं गेली. खूर पांढुरके होते, मेणासारखे. ती आत गेली आणि तिनं भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

हिवाळा गेला, उन्हाळा गेला. गेनू हौश्याला घासायचा, चारायचा, त्याच्याशी बोलायचा, आणि त्याच्यावरून मग माणसांशीही बोलायला लागला. लोक म्हणत, “पोरगं माणसात आलं बरं का, ठमाई.” ती म्हणे, “आलं खरं.” तरण्या पावसाचे दिवस आले तसा गेनू तिला म्हणाला, “आये, हौश्याला मी खडक देणार.”

“कशाला?” ती म्हणाली. “त्याला घरी बांध. त्याला गाडाबैल कर.”

“गाडी कुठं आहे ह्या गावात? त्याला वळू करायचाय मला.”

“गेनू, तो इथला नाय.”

“सारजा तरी कुठं इथली होती?” गेनू म्हणाला.

ठमाई उठून चुलीतलं लाकूड सारायला लागली.

कातळावर राखणीच्या पाळ्या असत. गेनूनं त्या वर्षी सगळ्या पाळ्या मागून घेतल्या. गावाला वाटलं, दुःखी माणूस आहे, घरात जीव रमत नसेल, करू दे. कातळाच्या एका अंगाला कपार होती. दोन्ही नक्षत्रं बाकीचे खोंड पावसात उभे होते आणि हौश्या त्या कपारीत वाळल्या गवतावर उभा होता, हे गेनूशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

पारख व्हायच्या आदल्या दिवशी दुपारी गेनू घरी आला. त्याची उजव्या हाताची बोटं फोडांनी भरली होती.

“काय झालं?” ठमाईनं विचारलं.

“तवा लागला.”

कातळावर कुठला तवा! ते फोड बिब्ब्याचे होते. बिब्ब्याच्या तेलाचा डाग पडला की जात नाही, आणि ते बोटाला लागलं तर असे फोड येतात, हे त्या डोंगरातल्या कुणालाही पाहताच कळलं असतं. ठमाईनं त्याचा हात मांडीवर घेतला. शिंक्यावरचं लोणी काढलं आणि एकेका बोटाला हलक्या हातानं लावलं. पाचही बोटं झाली. बाहेर पाऊस चालला होता.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव कातळावर जमलं. ठमाई एकेक खोंड पाहत आली. दोन राखले, पाच जणांची तोंडं फिरवली. शेवटी हौश्या. त्याचे खूर कोळशासारखे काळे होते. अंग पावसात भिजूनही तुकतुकीत होतं, पाणी त्यावरून ओघळून जात होतं. लोक आपसात कुजबुजले. ठमाईनं त्याच्या पाठीवर तळहात फिरवला. मग तिच्या सवयीप्रमाणं तळहात नाकाशी नेला.

त्याला खुरासणीच्या तेलाचा वास होता.

ती तशीच उभी राहिली. हात नाकाशी, इरल्यावरून पाणी गळतंय, आणि समोर गेनू. तो तिच्याकडं असा पाहत होता जसा लहानपणी ताप आला की पाही. इतका वेळ ठमाई कधीच कुठल्या खोंडापाशी थांबली नव्हती. एक रांजण भरेल इतकं पाणी तिच्या इरल्यावरून गळलं, असं म्हणतात.

मग ती म्हणाली, “राखला.”

सगळ्यांनी आरोळी दिली. गेनूनं खोंडाच्या गळ्याला मिठी मारली. कोंडाई शेजारणीला म्हणाली, “बघितलंस? आपल्या पोराचा म्हटल्यावर बरोबर राखला!” ती थट्टेनं बोलली होती. आपण खरं बोललो हे तिला ठाऊक नव्हतं.

ठमाईला वाटलं होतं, एक वळू आहे, आपल्या चार गाईंपुरता राहील, दोन वर्षांत पावसानं आपोआपच त्याचा निकाल लागेल. पण तसं झालं नाही. हौश्याला कोरडा गोठा होता, गेनू त्याला चिखलात पाऊल टाकू देत नव्हता. आणि त्याची पहिली वासरं जन्मली ती अशी देखणी की सगळं गाव आपापल्या गाई घेऊन गेनूच्या दारात आलं. उंच, पांढरी, भरल्या अंगाची वासरं. छावणीचे लोक पहिल्यांदाच घाट चढून वर आले आणि म्हणाले, अशी गुरं द्या, हवं तेवढं मीठ घ्या. हैबती पाटलानं गावाचे जुने काळे वळू खच्ची करून उतरवायला काढले.

“पाटील, एक तरी काळा ठेव,” ठमाई म्हणाली.

“का गं? तूच राखलास ना हौश्याला? आणि तुझा हात तर कधी चुकला नाय.”

ठमाईनं मान वळवली. गेनू अंगणात वासरांना पाणी पाजत होता आणि गुणगुणत होता.

अशी सहा वर्षं गेली. ती वर्षं पावसाचीच होती, पण सौम्य. मध्ये उघडीप मिळे, खूर वाळत. तळखांबचा कळप पांढरा झाला. लांबच्या गावांहून माणसं पाहायला येत. ठमाई तेव्हा पारख करायला जाई आणि सगळंच राखून येई. तोंडं फिरवायची तिची हिंमत उरली नव्हती. एकाला उतरवलं असतं तर सगळ्यांनाच उतरवावं लागलं असतं. तिचा हात त्या दिवसांत झाडाच्या सालीसारखा झाला, त्याला काही कळेनासं झालं, असं म्हणतात.

मग ते वर्ष आलं.

त्या वर्षी पाऊस मृगाच्या पहिल्या दिवशी लागला आणि सूर्य उगवायचा विसरला. तरणा पडला, म्हातारा पडला, आश्लेषा पडल्या, मघा पडल्या. कोंबडे आरवायचे थांबले, कारण त्यांना सकाळ कळेना. घागर रिकामी करून बाहेर ठेवली की आत येईपर्यंत भरे. चिखल आधी गुराच्या घोट्याला होता, मग गुडघ्याला आला. पहिल्यांदा हैबती पाटलाची पांढरी गाय लंगडली. तिचा खूर उचलून पाहिला तर तो भिजल्या भाकरीसारखा मऊ झाला होता आणि मधून फाटला होता. फटीत किडे होते. दुसऱ्या दिवशी पाच गुरं लंगडली, आठवड्यात चाळीस.

लोकांनी सगळं केलं. खुरांत हळद भरली, कडुलिंबाचा पाला कुटून बांधला, घरात माणसांच्या जागी गुरं घेतली आणि माणसं पडवीत निजली. काही उपयोग झाला नाही. गुरं बसली. एक एक करून खाचरात, अंगणात, वाटेवर बसली. बसलेल्या गुराला चार माणसांनी उठवावं आणि त्यानं पुन्हा बसावं. त्यांचे डोळे उघडे असत आणि त्यांवर पाऊस पडे. गिधाडंसुद्धा आली नाहीत, कारण त्या पावसात त्यांना उडता येत नव्हतं. मेलेली गुरं ओढायला जिवंत बैल उरले नाहीत. मघांच्या शेवटी हौश्या बसला. गेनू त्याचं डोकं मांडीवर घेऊन तीन दिवस चिखलात बसून राहिला. ठमाई रोज त्याच्यापुढं भाकरी ठेवून येई आणि रोज भिजलेली भाकरी परत नेई. चौथ्या दिवशी गेनू एकटा घरी आला.

हस्त सरला, पाऊस मात्र सरला नाही, तेव्हा दोनशेतली बावन्न गुरं उरली होती. त्यातली त्रेचाळीस हौश्याच्या वंशाची, लंगडी, पण जिवंत. नऊ गाई जुन्या, काळ्या खुरांच्या. त्यांच्या जातीचा वळू एकही नाही.

गाव कातळावर जमलं. हैबती पाटील म्हणाला, “जे उरलं ते देवानं राखलं. हेच आता जपायचं.”

ठमाई पुढं आली. “ती त्रेचाळीस उतरवायची,” ती म्हणाली. “सगळी. ह्याच आठवड्यात.”

कुणाला आधी ते कळलंच नाही. मग एकदम गलका झाला.

“वेड लागलं का तुला?” पाटील ओरडला. “रिकाम्या गोठ्यात मी काय पोरं बांधू?”

“बांध. पण हे बांधू नकोस. ह्यांना वासरं झाली तर तीही अशीच बसतील. आज नाही तर दहा वर्षांनी. तेव्हा नऊसुद्धा उरायची नाहीत.”

कोंडाईची दोन्ही गुरं गेली होती. ती ठमाईच्या अगदी तोंडाशी आली. आज तिच्या आवाजात थट्टा नव्हती. “तूच राखलास ना त्याला? इथंच, ह्याच दगडावर. तेव्हा कुठं गेला होता गं तुझा हात?”

ठमाई काही बोलायच्या आत गेनू उठला. “तिला काय विचारता?” तो म्हणाला. “बिब्बा मी लावला होता. खुरांना बिब्बा, अंगाला खुरासणीचं तेल. दोन्ही नक्षत्रं मी त्याला कपारीत ठेवला. आयेला फसवलं मी.”

क्षणभर पावसासारखा पाऊसही थबकला, असं म्हणतात. मग माणसं गेनूच्या दिशेनं सरकली. कुणाच्या हातात दगड होता, कुणाच्या हातात काठी. सगळ्यांच्या गोठ्यांतली मेलेली गुरं त्यांच्या डोळ्यांसमोर होती. ठमाईनं नुसतं गप्प राहिलं तरी पुरे होतं. ती गप्प राहिली असती तर तिचा हात तसाच मोठा राहिला असता. गाव म्हणालं असतं, बिचारी, पोटच्या पोरानं फसवली.

“मला कुणी फसवलं नाय,” ठमाई म्हणाली.

सगळे थांबले.

“तळव्याला तेलाचा वास येत होता. आणि ह्याच्या बोटांना लोणी मीच लावलं होतं, आदल्या दिवशी. बिब्ब्याचा फोड मला कळत नाय होय? मला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून राखला म्हणाले.”

गेनू तिच्याकडं पाहतच राहिला. सहा वर्षं तो एकच ओझं वाहत होता, की आपण आईच्या हाताला फसवलं. आता ते ओझं उतरलं आणि त्याच्या जागी दुसरं आलं, ते पहिल्याहून जड होतं.

“मग बोलली का नाहीस, आये?” त्यानं विचारलं.

“तू हसला होतास,” ठमाई म्हणाली.

हातातले दगड लोकांनी हळूच खाली ठेवले. ते राग गेला म्हणून ठेवले नाहीत. फेकायचे कुणावर ते कळेना म्हणून ठेवले.

उरलेली गुरं गावानं कातळावर आणून उभी केली होती. ठमाई त्या त्रेचाळीस गुरांमध्ये शिरली. एकेकाचं शिंग धरून तिनं तोंड घाटाकडं फिरवलं. तिला घाई नव्हती. प्रत्येकाच्या कपाळावर हात ठेवी, मग फिरवी. शेवटचं झालं तशी ती हैबती पाटलासमोर येऊन उभी राहिली आणि तिनं मान खाली घातली, गुरू घालतं तशी. पाटलाला समजलं. त्याचे हात वर आले नाहीत. तो मागं सरला. सगळ्या गावात एकानंही तिला हात लावला नाही, तेव्हा ती स्वतःच वळली आणि तिनं आपलं तोंड घाटाकडं केलं.

गेनू धावत पुढं आला. “मी येतो,” तो म्हणाला.

ठमाईनं आपला तळहात त्याच्या पाठीवर ठेवला. वरून खाली फिरवला. “राखला,” ती म्हणाली, आणि गुरांच्या मागून चालू लागली.

घाटाच्या तोंडाशी धुकं होतं. लोकांनी पाहिलं की लंगडी गुरं धुक्याजवळ गेली तशी सरळ चालू लागली, जशी कोवळी वासरं चालतात. त्यांच्यावर पाऊस पडत नव्हता. सगळीकडं पडत होता, फक्त त्या वाटेवर नाही. धुक्यानं एक एक करून ती आत घेतली, सगळ्यांत शेवटी म्हातारीला. खाली छावणीचे लोक दोन दिवस वाट पाहत बसले होते. त्यांच्यापर्यंत एक शिंगही पोचलं नाही. पुढं कितीतरी वर्षांनी घाटातल्या कातळावर खुरांच्या खुणा दिसल्या, पांढऱ्या, चुन्यानं उमटवल्यासारख्या. त्यांच्यामागं एका माणसाच्या पावलाच्या खुणा आहेत. सगळ्या खाली जाणाऱ्या. वर येणारी एकही नाही.

काही जण वेगळं सांगतात. ते म्हणतात, गुरं छावणीनं नेली आणि म्हातारी दुसऱ्या वळणावर एका झाडाखाली बसली ती उठली नाही. गेनूनंच तिला तिथं पुरलं. पण हे सांगणारे फार थोडे आहेत आणि ते हळू आवाजात सांगतात.

नऊ गाई उरल्या आणि वळू नव्हता. गेनू निघाला. तीन डोंगर ओलांडून, वाड्यावाड्यांतून हिंडून, त्यानं दुसऱ्या पावसाळ्याआधी एक काळा खोंड आणला. बुटका होता, एका शिंगानं वाकडा होता, आणि कुणी त्याला नाव ठेवलं नाही. एकवीस वर्षं तळखांबातून एकही गुरू उतरवलं नाही. लोकांनी अळणी खाल्लं, फाटकं नेसलं. गेनूनं पुन्हा लग्न केलं नाही. कळप पुन्हा उभा राहिला तेव्हा गावानं त्याला पारखी केलं, कारण पारखीच्या घरात तोच एक उरला होता. पहिल्या वर्षी त्यानं सगळे खोंड तपासले आणि स्वतःच्या खोंडापाशी आल्यावर हात मागं घेतला. “हे माझं आहे,” तो म्हणाला. “ह्याचं तुम्ही सांगा.” आणि गावाकडं पाठ करून बसला.

तेव्हापासून तळखांबात तीच चाल आहे. आता घाटात रस्ता आहे, छावणी कधीच उठली, गुरं टेम्पोतून बाजाराला जातात. पण खडक अजून देतात. म्हातारा पाऊस सरला की गाव वर जमतं. जी गुरं उतरायची त्यांना ठमाईच्या नावानं नाचणीच्या भाकरीचा घास आधी भरवतात, राखलेल्यांना मागाहून. उतरणारी गुरं घाटाच्या वाटेला लागून दिसेनाशी होईपर्यंत कुणी खाली बसत नाही. आणि पारखी सगळ्यांची गुरं पाहतो, फक्त स्वतःचं पाहत नाही. ‘हे माझं’ एवढंच म्हणायचं आणि पाठ फिरवून बसायचं. गाव ठरवतं. का ठरवलं ते त्यानं विचारायचं नाही, आणि कुणी त्याला सांगायचं नाही.

गेनूनंतर पारखीचं काम त्या घराबाहेर गेलं. मागच्या साली कोंडाईच्या वंशातल्या घरची एक सून पारखी होती. धाकट्या दिराच्या मुलीनं वाढवलेली एक कालवड तिच्या दावणीला होती. बाई त्या कालवडीपुढं आली, ‘हे माझं’ म्हणाली, आणि कातळावर पाठ करून बसली. काय ठरलं, ते तिला घाटाकडं जाणाऱ्या खुरांच्या आवाजावरून कळलं.